चुन्याची भिंत

आमच्या कचेरीला भिंती नव्हत्या तोवर माणसं शिस्तीत दारातून ये-जा करत होती. भिंती उभ्या राहिल्या आणि कारकून मंडळी खिडकीतून कागद सरकवायला लागली. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, अगदी असंच झालं. भूमचे ते दिवस पाहिलेलं कुणी भेटलं की पहिल्यांदा हेच निघतं, आणि मग ओघानं चुनेसाहेब निघतात.

चुनेसाहेब हे नाव गावानं ठेवलेलं. ते आमचे ओव्हरसिअर. निजामाच्या अमदानीत बांधकाम खात्यात लागले, तेव्हा त्या खात्याला तामीरात म्हणत. पुढं संस्थान विलीन झालं, आणखी काही वर्षांनी आम्ही सगळे मुंबई राज्यात गेलो, खात्याचं नाव बदललं, दारावरची पाटी बदलली, पण साहेबांच्या तोंडी तामीरातच राहिलं. इतरांनी शेरवान्या पेटीत घालून ठेवल्या. साहेबांनी आपली विटकी काळी शेरवानी भर वैशाखातही अंगावरून उतरवली नाही. पायातले बूट मूळचे काळे होते असं ते सांगत, पण आम्ही पाहिले ते पांढरेच. दिवसभर चुन्यात वावरणाऱ्या माणसाचे बूट आणखी कोणत्या रंगाचे असणार.

बोलणं मराठी, पण मधूनच उर्दू यायची. कुठल्याही खोलीत शिरण्याआधी ते उंबऱ्याबाहेर थांबायचे आणि विचारायचे, "इजाजत?" आतून कुणी 'या' म्हणेपर्यंत पाऊल टाकायचे नाहीत. शिपायाच्या खोलीपाशीसुद्धा. शिपाई बिचारा पहिल्यांदा इतका गोंधळला की तोच बाहेर आला.

बाजारतळाला लागून एक जुनी दगडी सराई होती. पूर्वी वाटसरू आपली घोडी, गाड्या घेऊन तिथं उतरायचे. नंतर निजामानं तिथं करोडगिरीचा नाका बसवला. पलीकडं बार्शीला इंग्रजी मुलूख, म्हणून तिकडून येणाऱ्या मालावर इथं जकात घ्यायचे. विलीनीकरणानंतर सरहद्दच उरली नाही, तर नाका कुणासाठी ठेवणार. सराईत वटवाघळं राहायला आली, शेळ्या बसायला लागल्या, आणि दुपारच्याला पत्ते खेळणारे. मग सरकारनं ठरवलं की विकास गटाची कचेरी इथंच करायची. शेती, तगाईची सरकारी कर्जं, सहकार, लस टोचणं, जनावरांचा दवाखाना, वाचनालय, सभेची जागा, सगळं एका छताखाली. आमचे गटविकास अधिकारी, म्हणजे बीडीओसाहेब, तरुण होते आणि नव्या शब्दांचे शौकीन. ते ह्याला 'बहुउद्देशीय' म्हणायचे. गावातल्या लोकांना तो शब्द कधी नीट म्हणता आला नाही. त्यांनी सरळ 'सराई' म्हणणंच चालू ठेवलं.

मी तिथं ग्रामसेविका होते. माझं माहेर तुळजापूरचं, पुजाऱ्याचं घर. लग्नानंतर लवकरच नवरा गेला. भावानं मला शिकू दिलं, हे त्याचे उपकारच. पण शिकून झालं की हिनं परत यावं आणि चुलीपाशी बसावं, असं त्याच्या मनात होतं. भूमला माझी सख्खी मावशी राहायची, तेवढ्यासाठी तो नोकरीला कसाबसा तयार झाला. आणि मी जेमतेम रुजू होते आहे तोच वरून कळवलं गेलं की नव्या कचेरीत महिलांच्या कामाला धड जागा होत नसेल तर भूमचं ते काम बंद करू आणि बाईंना उस्मानाबादला मुख्यालयात घेऊ. मुख्यालयात मला राहायला कुणाचं घर नव्हतं. भाऊ मला तिथं एकटीला राहू देणार नव्हता. म्हणजे उस्मानाबादचं नाव, आणि जायचं तुळजापूरला. माझी सगळी नोकरी त्या सराईतल्या एका खोलीवर येऊन ठेपली होती.

साहेबांचं एक पालुपद होतं: "आधी चालून बघा." वरच्या कचेरीतून निळ्या कागदावर काढलेला नकाशा आला, तेव्हा त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि बीडीओसाहेबांना म्हणाले, "नक्शा चांगला आहे. ह्यात कोणी चालत नाही, एवढंच."

मग त्यांनी वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा घेतला, त्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडली, आत चुन्याची कोरडी फक्की भरली आणि सराईच्या त्या लांबलचक तबेल्यात नकाशातल्या भिंती जमिनीवर आखून काढल्या. भिंत जेवढी जाड, तेवढा चुन्याचा पट्टा जाड. दार असेल तिथं पट्टा तोडलेला. मला वाटलं मापं घेत असतील. पण दुसऱ्या दिवशी ते बीडीओसाहेबांना म्हणाले, "सिमेंटचा परवाना यायला लई वेळ आहे. तोवर कचेरी ह्यातच भरवू या. चुकलं तर चुना पुसता येतो. दगड पुसता येत नाही." ज्या गोष्टीला वरून मंजुरी लागत नाही ती कुठलीही गोष्ट बीडीओसाहेबांना चालायची. त्यांनी हो म्हटलं.

अशी आमची बिनभिंतींची कचेरी सुरू झाली. प्रत्येकाची टेबलं आपापल्या चौकोनात. नियम एकच, भिंतीतून जायचं नाही. अव्वल कारकुनानं एकदा बसल्या जागेवरून शेजारच्या तगाईवाल्याकडं कागद पुढं केला, तर साहेब कुठून कोण जाणे, तिथं हजर.

"रावसाहेब, भिंतीतून हात येत नाही."

"भिंत कुठं आहे साहेब?"

"हात आखडा, म्हणजे दिसंल."

अव्वल कारकून उठला, दारातून बाहेर पडला, पार वळसा घालून तगाईच्या दारातून आत गेला, आणि तगाईवाल्याशी दोन शब्द न बोलता कागद आपटून आला. आठवडाभर त्यानं असे वळसे घातले आणि मग तोच साहेबांकडं गेला की ह्या दोन टेबलांच्या मधल्या भिंतीत दार हवं. साहेबांनी बुटानं तेवढा चुना पुसला. झालं दार. निळ्या कागदावर ते दार नव्हतं.

जनावरांच्या दवाखान्याचंही तसंच झालं. नकाशात तो आतल्या बाजूला होता. पहिली म्हैस आली ती तगाई, सहकार आणि लस टोचणं अशा तिन्ही खात्यांच्या भिंती तुडवत, शेपूट हलवत गेली. मालक मागनं धावतोय, कारकून फायली उचलताहेत. साहेब दाराशी उभे राहून बघत होते. म्हणाले, "तिला माफ आहे. तिनं आपल्याला चूक दाखवली." दवाखाना त्याच दिवशी बाहेरच्या पडवीत गेला.

गाव आम्हाला हसायचं. बाजारला आलेली माणसं मुद्दाम डोकावून जायची. कारकून बिनभिंतीच्या खोलीला वळसे घालताहेत हे बघायला कुणाला आवडणार नाही. एकदा सोनारीहून काळभैरवाचं दर्शन घेऊन परतणारी मंडळी पाणी प्यायला आत आली. जमिनीवरचे पांढरे पट्टे बघून त्यांना वाटलं, काही तरी पूजा मांडली आहे. त्यांनी वहाणा बाहेर काढल्या, हात जोडले, आणि एका चौकोनाच्या कोपऱ्यात खोबऱ्याचा प्रसाद ठेवून गेले. तो चौकोन लस टोचणाऱ्याचा होता. त्यानं प्रसाद खाल्ला. साहेब म्हणाले, "हात जोडून कचेरीत आलेली ही शेवटची माणसं. पुढं कोणी येणार नाही."

त्यांना हे वेड कशानं लागलं ते मला त्यांच्या बायकोकडून कळलं. काकूंकडं मी संध्याकाळची जायची. काकू बोलक्या, हसऱ्या, आणि नवऱ्याची थट्टा करण्यात पटाईत. साहेबांनी तरुणपणी परंड्याला आपलं स्वतःचं घर बांधलं होतं, नकाशा स्वतः काढून.

"सैपाकघराचं दार असं ठेवलं," काकू म्हणाल्या, "की म्या भाकरी थापायला बसले की येणाऱ्यानं ढकललेली दाराची फळी माझ्या पाठीत. रोज. दिवसातनं कितींदा. लई वर्षं म्या काही बोलले न्हाय. आपलंच माणूस, हौसेनं बांधलेलं. मग एकदा ह्यांना ताप आला, हे सैपाकघरात माझ्यापाशी येऊन बसले माझ्या पाटावर. पोरगं धावत आलं, फळी बसली ह्यांच्या पाठीत. उठून मला म्हणाले, हे रोज होतं? म्या म्हटलं, व्हय. तर जेवले न्हाइत त्या दिवशी."

साहेब तेव्हा ओसरीवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "विचारायला पाहिजे होतं," एवढंच म्हणाले.

आता माझ्या खोलीचं. नकाशात महिलांची खोली होती, नाही असं नाही. पण ती तबेल्याच्या अगदी शेवटच्या टोकाला, सगळ्या खात्यांच्या मागं. मी तिथं चटई टाकली, शिवणयंत्र ठेवलं, भिंतीला नाही तर निदान खांबाला बाळाच्या आहाराचं चित्र लावलं, आणि बाजारच्या दिवशी वाट बघत बसले. बाजारला आजूबाजूच्या खेड्यांतून किती तरी बायका यायच्या. लेकरं काखेत, पाटी डोक्यावर. दिवसभर उन्हात बसायच्या. लेकराला पाजायचं तर पदराआड, ते पण शंभर डोळ्यांसमोर. त्यांना बसायला जागा असावी, तिथं शिवण शिकावं, लेकराच्या दुखण्याखुपण्याचं विचारावं, एवढाच माझ्या कामाचा अर्थ होता.

बायका आल्या. मोठ्या दरवाज्यापर्यंत आल्या, आत बघितलं आणि वळून गेल्या. ईटच्या एक वयस्क बाई होत्या, भागूआक्का. घरची शेती, बाजारात मिरच्या विकायच्या, आणि चारचौघींत त्यांचा शब्द चालायचा. त्यांना मी आदल्या बाजारी हाताला धरून बोलावणं केलं होतं. त्याही दरवाज्यातूनच मागं फिरल्या. मी शेवटच्या टोकाला बसून हे बघत होते आणि माझ्या डोळ्यांपुढं तुळजापूरची चूल येत होती.

साहेबांची एक घडीची खुर्ची होती. ती काखोटीला मारून ते सराईभर फिरत आणि ज्या जागेची शंका असेल तिथं मांडून बसत. त्या दुपारी त्यांनी ती माझ्या खोलीबाहेर मांडली आणि नुसते बसून राहिले. बाजार उठला तेव्हा म्हणाले, "बाई, का आल्या नाहीत?"

मी जरा तिखटच बोलले. "इथवर यायचं म्हणजे सगळ्या पुरुषांच्या टेबलांपुढनं यायचं. तुम्ही आलात त्या वाटेनं कधी?"

"रोज येतो."

"बाई होऊन नाही आलात."

मला वाटलं आता रागावतील. ते उठले, दरवाज्यापर्यंत गेले. खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी डोक्यावरून घेतलं, त्याचं टोक दातांत धरलं, मान खाली घातली आणि शेरवानीतला तो उंच माणूस भिंतीच्या कडेकडेनं चालायला लागला. कारकून आधी खो खो हसले. अव्वल कारकुनानं तर "या वैनी" म्हणून घेतलं. साहेब थांबले नाहीत. तगाईच्या टेबलाशी बाजारची माणसं उभी होती, त्यांच्यामधून अंग चोरून गेले. कुणी बाजूला झालं नाही. हळूहळू हसणं थांबलं. माझ्यापर्यंत आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

"लई लांब आहे हो," ते म्हणाले.

मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, पण आज कबूल करते की वाटलं होतं. माझ्या घरातल्या, नात्यातल्या, शिकलेल्या, शहाण्या अशा एकाही पुरुषानं तोवर माझी वाट चालून पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते सराईच्या बाजारतळाकडच्या भिंतीला कान लावून, काठीनं ठोकत फिरत होते. एका जागी आवाज पोकळ आला. तिथं जुनी कमान होती, नाक्याच्या काळात दगडमातीनं भरून टाकलेली, कारण चोरट्या मालाला दोन दारं नकोत. साहेबांनी दोन वडार लावून ती मोकळी केली आणि माझी खोली तिथं चुन्यानं आखली. कमान थेट बाजारात उघडत होती. बायकांना पाटीसकट तिथून आत येता येणार होतं, एकाही टेबलापुढून न जाता. आत शिरताच गार वारा लागायचा. भिंतीत घोडे बांधायच्या लोखंडी कड्या होत्या. साहेबांनी एक ओढून बघितली. म्हणाले, "पूर्वी इथं घोडे बांधायचे. आता लेकरं बांधा." पुढच्याच बाजारी त्या कड्यांना झोळ्या लागल्या.

अडचण एकच होती. ती जागा नकाशात दौऱ्यावर येणाऱ्या मोठ्या इंजिनिअरसाहेबांची होती. सगळ्या इमारतीत गार जागा तीच, म्हणून त्यांनी ती आपल्यासाठी ठेवली होती. बीडीओसाहेबांचा चेहरा उतरला. "साहेब, ते आले तर त्यांना बसवायचं कुठं?"

"ते कधीमधी येतात. ह्या दर बाजारी येतात."

"अहो, पण नोकरीचं काय?"

"माझी? माझी आता थोडी उरली आहे."

मी घाबरले. एकटं गाठून त्यांना म्हटलं, तुम्ही माझ्यापायी स्वतःला अडचणीत घालू नका, मी जाईन तुळजापूरला. ते एकदम चिडले. मी त्यांना चिडलेलं तेवढंच पाहिलं. "तुमच्यापायी कशाला? वाट चुकली होती, ती नीट केली. तुम्ही नसतात तरी केली असती." मग म्हणाले, "पण तुम्ही जाऊ नका." आणि चुन्याचा डबा घेऊन निघून गेले.

खोली भरायला लागली. कमान उघडी दिसली की बाजारातून एकेक बाई आत यायची. आतल्या बाजूला, कचेरीकडं, अजूनही नुसता चुन्याचा पट्टा होता आणि त्यात दाराची फट. बायकांनी तो पट्टा मनावर घेतला. लेकरू रांगत तिकडं गेलं की कुणी तरी म्हणायची, "ए, डोकं आपटंल." पुसट झाला की भागूआक्का साहेबांकडून मूठभर चुना मागून आणायच्या आणि दारापुढं रांगोळी घालावी तशा चिमटीनं पट्टा नीट करायच्या.

आणि मोठे इंजिनिअरसाहेब आले ते नेमके बाजारच्या दिवशी. मुआइना आहे, म्हणजे पाहणी, एवढं माहीत होतं, पण दिवस कळवला नव्हता. जीप थांबली, साहेब मोठ्या दरवाज्यानं आत आले. हातात तो निळा नकाशा. मागं बीडीओसाहेब, त्यांच्या मागं आमचे साहेब. इंजिनिअरसाहेब भराभर चालणारे. खाली त्यांचं लक्षच नव्हतं. तगाईची भिंत ओलांडली, सहकाराची ओलांडली, कारकून आपापल्या चौकोनात उभे राहून बघत राहिले. ते सरळ आमच्या खोलीकडं येत होते, कारण नकाशाप्रमाणं ती त्यांची होती.

एरवी शिपायालासुद्धा न सोडणारे चुनेसाहेब गप्प होते. काही झालं तरी ते सरकारी नोकर, आणि पुढं चालणारा त्यांचा वरिष्ठ. त्यांना घाबरलेलं मी तेव्हा पाहिलं. मी शिवणयंत्रापाशी बसले होते. खोलीत पंधरावीस बायका, एक लेकराला पाजत होती, कड्यांना झोळ्या, कोपऱ्यात मिरच्यांच्या पाट्या. इंजिनिअरसाहेबांचा एक बूट चुन्याच्या पट्ट्यावर पडला.

"सायेब," भागूआक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या, "तिथं भिंत हाय."

इंजिनिअरसाहेब थबकले. "काय?"

"भिंत हाय तिथं. आत बायका बसल्यात. दारातनं या."

आवाज चढलेला नव्हता. अंगणात आलेल्या पाहुण्याला 'तिथं ओलं आहे, इकडनं या' म्हणावं तसं त्या बोलल्या. त्यांना खरोखरच तिथं भिंत दिसत होती. इंजिनिअरसाहेबांनी खाली पाहिलं, पांढऱ्या झालेल्या बुटाकडं पाहिलं, भागूआक्कांकडं पाहिलं. मग त्यांनी पाय मागं घेतला, पट्ट्याच्या कडेनं चालत दाराच्या फटीपाशी आले आणि तिथं उभे राहिले, पुढं काय करायचं ते न कळून.

आमच्या साहेबांना आता कुठं वाचा फुटली. हळूच म्हणाले, "इजाजत घ्यावी लागते, सर."

"कुणाची?"

"बाईंची."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी 'या' म्हणायचं होतं. एवढासा शब्द, पण तो म्हणायच्या ऐवजी मी हातातलं कापड नीट करत बसले. शेवटी भागूआक्काच म्हणाल्या, "या, बसा."

ते शिवणयंत्राच्या स्टुलावर बसले. पाजणारी बाई तेवढी पाठ करून बसली, बाकीच्या कुणी उठल्या नाहीत. "ह्या खोलीत काय चालतं?" त्यांनी विचारलं. मी तक्ते, शिवणवर्ग, लसीची माहिती असं सगळं पाठ केलेलं सांगायला तोंड उघडलं, तोवर भागूआक्का बोलून गेल्या.

"बसतो."

"बसून काय करता?"

"बसतोच, सायेब. दुसरीकडं कुटं बसाय मिळत न्हाय."

त्यांनी झोळ्यांकडं बघितलं, कमानीतून दिसणाऱ्या बाजाराकडं बघितलं. मग उठले, दारातूनच बाहेर गेले आणि आमच्या साहेबांना म्हणाले, "ओव्हरसिअर, तुमची भिंत इथं पुसली गेली आहे. नीट करा." पुढं दोन पावलं गेल्यावर वळून म्हणाले, "आणि माझी खुर्ची सभेच्या जागेत टाका. मला कुठंही चालेल."

मी त्या माणसाला त्या दिवसापर्यंत माझा वैरी समजत होते. तोही भला निघाला. फक्त त्यालाही कुणी तरी चालवून दाखवायला हवं होतं.

पुढं परवाना आला, सिमेंट आलं, विटा आल्या, आणि चुन्याच्या पट्ट्यांवर खऱ्या भिंती चढायला लागल्या. सगळ्यांच्या झाल्या, माझ्या खोलीची कचेरीकडची भिंत तेवढी राहिली. सिमेंट पुरलं नाही. मी तक्रार केली तर साहेब म्हणाले, "ती सगळ्यात पक्की आहे. ती शेवटी बांधू." आणि तसंच झालं. बाकीच्या खात्यांत विटांच्या भिंती आल्या आणि खिडक्यांतून कागद जायला लागले. आमच्या चुन्याच्या भिंतीतून कधी कुणी गेलं नाही, एक वेळ सोडून.

ती भिंत साहेबांच्या बदलीनंतर दुसऱ्या ओव्हरसिअरनं बांधली. मी त्या खोलीत नोकरीची बहुतेक सगळी वर्षं काढली. माझ्या हाताखालून शिवण शिकून गेलेल्या मुलींच्या मुली तिथं शिकल्या. भाऊ एकदा बघायला आला, झोळ्यांच्या मध्ये बसून चहा प्यायला, आणि परत कधी चुलीचं बोलला नाही. हे सगळं कुणामुळं झालं ते मला पक्कं ठाऊक आहे. आभार मानायचे राहून गेले असंही नाही, मी मानले होते, पण साहेबांनी ते नीट ऐकून घेतले नाहीत.

त्यांची बदली उमरग्याकडं झाली. बदलीचा दिवस बाजारचा होता. काकू सामानासकट मोटारस्टँडवर पुढं गेल्या होत्या आणि साहेब चुनाभट्टीवाल्याचा निरोप घेता घेता अडकले होते. गाडी सुटायच्या बेतात ते धावत सराईत आले. शेरवानीची बटणं उघडी, टोपी हातात, डोळे लाल. त्यांच्या हातात तो तुपाचा डबा होता, मला द्यायला आणलेला. मी त्यांना पाहून उठून उभी राहिले आणि ते माझ्याकडं बघत, घाईघाईनं, सरळ आमच्या भिंतीतून आत आले.

सगळ्या बायकांच्या माना वळल्या. साहेबांना काही सुचेना, लोक का बघताहेत ते कळेना. मग त्यांनी खाली पाहिलं. एक बूट आत, एक बूट बाहेर, आणि मध्ये मोडलेला पांढरा पट्टा. उभ्या जन्मात न केलेली चूक त्यांच्या हातून झाली होती, आणि त्यांच्या चेहऱ्याकडं मला बघवेना.

"ऱ्हाऊ द्या सायेब," भागूआक्का म्हणाल्या. "तुमाला न्हाय ती भिंत."

साहेबांनी नाही म्हणून मान हलवली. पाय मागं घेतला. डब्यातला चुना शिंपडून पट्टा पुन्हा सरळ केला, बाहेर एसटीचा भोंगा वाजत असताना, सावकाश. मग वळसा घालून दारापाशी आले, टोपी डोक्यावर ठेवली, बटणं लावली.

"इजाजत?"

ह्या वेळेला मी म्हटलं, "या."